फडावरून फोन

आमच्या शाळेत पालकसभा दसऱ्याच्या आत घ्यावी लागते. नंतर गावात पालकच उरत नाहीत. बीड जिल्ह्यातलं डोंगरपट्ट्यातलं गाव. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मार्च-एप्रिलात कारखाना बंद होईपर्यंत परत येणं नाही. लेकरं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक हवेत आणि निम्म्या महिला. कागदावर आमची समिती चोख आहे. जानेवारीत तिची सभा घ्यायची तर उसाच्या फडातच घ्यावी लागेल.

मूल्यशिक्षण आमच्याकडे नवं नाही. मूल्यवर्धन कार्यक्रमाची सुरुवातच २००९ मध्ये बीडच्या शाळांतून झाली. पण घरचं माणूस त्यात आणायचं कसं? एका सभेत मी सरळ विचारलं, "परत याल तेव्हा लेकरात काय दिसायला पाहिजे?"

बराच वेळ कुणी बोलेना. मग मागून एक बाई म्हणाल्या, "मॅडम, खरं बोलायला शिकवा. पन मुकादमापुढं गप ऱ्हायला बी शिकवा." पुरुष हसले. त्या हसल्या नाहीत. उचल अंगावर असताना तोंड उघडलं तर काय होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. एक जण मात्र उसळला, "गप बसतो म्हणूनच काटा मारत्यात! पोराला वजनाची पावती वाचता आली पाहिजे." वाद चांगलाच पेटला. फळ्यावर त्या दिवशीचं मूल्य 'निर्भयता' लिहिलेलं होतं, ते कुणी वाचलं नाही हे बरंच झालं. त्या बाईंना द्यायला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

ठरलं एवढंच, की लेकराशी बोली शाळेनं नाही, घरानं करायची. आजीची बीपीची गोळी चुकू द्यायची नाही, गुटख्याला हात लावायचा नाही, शाळा बुडवायची नाही. ज्याची त्याची वेगळी. फडावरून फोन आला की आईबापानं आधी तेच विचारायचं. यात सगळ्यात अवघड गेली ती फोनची वेळ. गाडी रात्री-अपरात्री भरायला येते, आणि मोळ्या वाहून झाल्यावर माणसात बोलायचं त्राण राहत नाही.

आठवीतला एक मुलगा शाळा बुडवून बापाला "रोज जातो" असं सांगत होता. बापानं मला विचारलं, मी खरं ते सांगितलं. "मारू नका," तो म्हणाला. "उद्या त्याच्याकडं फोन द्या."

दुसऱ्या दिवशी घरी जाऊन दिला. स्पीकर चालू होता. बापानं शाळेचं नावही काढलं नाही. स्वतःचंच सांगत राहिला. एका साली त्यानं दोन मुकादमांकडून उचल घेतली होती, वाटलं होतं निभेल. शेवटी बैलजोडी सोडून द्यावी लागली. "तुजी आजी बैलांमागं पार वेशीपतुर गेली व्हती." जरा थांबून म्हणाला, "आता तू सांग."

मुलगा वीटभट्टीवर जात होता, मोबाईलसाठी पैसे जमवत होता. बाप म्हणाला, "मग रविवारी जा."

मी मध्ये पडले. पोरगं तेरा वर्षांचं, भट्टीवर ठेवणंच बेकायदा, रविवार असो की सोमवार. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"बरं," बाप म्हणाला, "मग भट्टीवाल्याला तुमी सांगा, मॅडम. पोराला मी सांगतो."