पोलादाची साक्ष

कसाऱ्याहून इगतपुरीकडे निघालेली आगगाडी घाट चढू लागली म्हणजे तिचा वेग मंदावतो. हा चढ मोठा अवघड. गाडी ३७ फूट पुढे जाते, तेव्हा एक फूट वर येते! म्हणूनच येथे पुष्कळ गाड्यांना मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात. खिडकीतून दिसणाऱ्या दऱ्या पाहण्यात प्रवासी रंगून जातात. पण इंजिनाची चाके फिरविणाऱ्या विजेच्या मोटारींवर त्या वेळी केवढा ताण पडत असेल, हा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो.

मोटारीचा दांडा ज्या आधारावर फिरतो, ते बेअरिंग. पोलादाची दोन कडी एकात एक बसविलेली, त्यांच्यामध्ये लहानशा लाटण्यांसारखे गुळगुळीत रोलर, आणि ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांना जागच्या जागी धरणारा पिंजरा, अशी त्याची रचना असते. जड ओंडका हलवावयाचा झाला म्हणजे खेड्यातील माणसे त्याच्या खाली गोल लाकडे सरकवितात. युक्ती तीच.

अशा मोटारी दुरुस्त करण्याचा मध्य रेल्वेचा कारखाना नाशिकरोड येथे आहे. मोटार उघडली, की बेअरिंग तपासणे ओघानेच येते. आपले आयुष्य पुरे करून झिजलेल्या बेअरिंगविषयी कोणाची तक्रार नसते; पण ऐन उमेदीतच कड्याला तडा गेलेला आढळला तर? मोटारीचे बेअरिंग अडकून बसले, तर गाडी भरघाटात अडायची. डब्याच्या आसाचे बेअरिंग तापून निकामी झाले, तर आसच मोडून गाडी घसरायची. मोडके काढले आणि नवे बसविले, एवढ्याने हे भय टळत नाही. मूळ कारण कायम राहिले, तर नव्याचीही तीच गत होते.

म्हणून ते बेअरिंग धातुपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत पाठवितात. तेथील पहिला नियम मोठा चमत्कारिक आहे. बेअरिंग धुऊनपुसून लख्ख करून पाठवावयाचे नाही! त्याला चिकटलेल्या काळ्या वंगणातच पाण्याचा अंश, धुळीचे कण, पोलादाचा चुरा असा सारा पुरावा असतो. नीटनेटकेपणाची सवय लागलेल्या कारागिराला हे जड जात असेल खरे.

पण अकाली मोडले, असे म्हणावयाचे तरी केव्हा? एकाच पोलादाची शंभर बेअरिंगे एकाच भाराखाली फिरविली, तरी ती एकाच दिवशी मोडत नाहीत. स्वीडनच्या आर्व्हिड पामग्रेन यांनी १९२४ साली या आयुष्याचे गणित मांडले. शंभरांतील नव्वद जेवढे फेरे सुखरूप पुरे करतील, तेवढे त्या जातीचे आयुष्य धरावयाचे, अशी पुढे रीत पडली. दहा त्याआधी मोडणार, हे त्यात गृहीतच आहे. तेव्हा एकाच बेअरिंगवरून ते घडविणाऱ्याला दोषी ठरविणे न्याय्य नव्हे. शिवाय रोलरवरील भार दुप्पट झाला, तर आयुष्य निम्मे होत नाही. ते सुमारे एक दशांशावर येते!

मग तडा गेलेला तुकडा पाण्याच्या धारेखाली कापतात, कारण कापताना तो तापला तर पोलादाची घडणच बदलेल आणि साक्ष खोटी ठरेल. तो घासून आरशासारखा चकचकीत करतात व त्यावर अल्कोहोलमध्ये मिसळलेले सौम्य नायट्रिक आम्ल लावतात. पोलाद काळवंडते, पण सूक्ष्मदर्शकातून पाहता काही वेळा मळीची बारीकशी कणी आणि तिच्या दोन बाजूंस दोन शुभ्र पंख दिसतात. शास्त्रज्ञ या खुणेला खरोखरच 'फुलपाखरू' म्हणतात. इतक्या घातकी वस्तूला इतके देखणे नाव! रोलरचा दाब सर्वांत जाचतो तो पृष्ठभागाच्या किंचित खाली. तेथेच अशी कणी असली, म्हणजे तडा आतून जन्म घेतो आणि वर येतो. दोष मग पोलादाचा. उलट, कड्यावर कपडे धुण्याच्या फळीसारख्या समांतर वळ्या उमटलेल्या दिसल्या, तर बेअरिंगमधून चोरवाटेने वीज वाहिली असे समजावे, पोलाद निर्दोष. रोलरचा माग एकाच कडेला खोल उमटला असेल, तर बसविणाऱ्याचा हात चुकलेला असतो.

सारेच निकाल इतके सरळ लागत नाहीत. नाशिकच्या शेजारी, धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर दिसतात तशा पवनचक्क्यांनी जगापुढे एक कोडे टाकले आहे. त्यांचे दंतचक्र वीस वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. पण देशोदेशी काही ठिकाणी त्यांतील बेअरिंगे दोन-चार वर्षांतच तडकली. आम्ल लावून पाहिले, तो आत शुभ्र तड्यांचे जाळेच पसरलेले! अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत एक लहान रोलर तीन कड्यांमध्ये दाबून फिरविला आणि हे तडे मुद्दाम उत्पन्न करून पाहिले. वंगणातून सुटणारा हायड्रोजन, रोलरचे घसरणे, चोरटी वीज, असे संशयित पुष्कळ आहेत. त्यांतील मुख्य अपराधी कोण, याविषयी विद्वानांचे अद्याप एकमत झालेले नाही.