पोर्क चालतं ना?

‘पोर्क चालतं ना तुला?’ टीममधल्या मैत्रिणीने मेन्यूकार्डातून डोकं वर न काढता विचारलं. शुक्रवारची संध्याकाळ, पगार झालेला, फोर्टमधलं सहा टेबलांचं चिनी हॉटेल. ‘ऑफकोर्स!’ मी म्हणालो. जी गोष्ट आयुष्यात तोंडाला लावलेली नाही तिच्याबद्दल इतक्या कॉन्फिडन्सने बोलणं, हे अप्रेझलमध्ये शिकलेलं कौशल्य.

मी कुर्डुवाडीचा. आमचं चायनीज म्हणजे स्टेशनबाहेरची लाल गाडी. ड्रॅगनचं चित्र, भणभणणारा स्टोव्ह, कोबीचा डोंगर आणि डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या हाफ शेजवान नूडल्स. सोबत मंचुरियन. नेल्सन वँग यांनी ते मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात १९७५ साली पहिल्यांदा केलं, असं सांगतात. म्हणजे तेही आपलंच! गाडीवर आमची मजल चिकनपर्यंत. डुक्कर? शी!

ही ‘शी’ घरातून आलेली. तशी आमच्याकडे दर रविवारी मटणाची पातेली चढायची, रस्सा तर वाटीने प्यायचो. म्हणजे प्रश्न मांसाचा नव्हताच. रुळांपलीकडे दगड फोडणाऱ्यांची वस्ती होती, डुकरं तिथली. त्या वस्तीतला एकजण शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. एकदा मधल्या सुट्टीत कुणीतरी त्याचा डबा हुंगून ‘हे डुकरं खातात’ असं ओरडलं आणि वर्ग हसला. मी हसलो नाही. फक्त माझा डबा थोडा पलीकडे सरकवला. दुसऱ्या दिवसापासून तो लिंबाखाली एकटाच जेवायला लागला.

तर, प्लेट आली. बारीक नूडल्स, वर लालसर चार सिऊच्या चकत्या, मधाने चकाकणाऱ्या, कडा जरा करपलेल्या. पहिली चकती चॉपस्टिकमधून दोनदा निसटली, तिसऱ्यांदा हातानेच खाल्ली. मऊ, गोडसर, आणि चरबीचा तो पांढरा पदर जिभेवर नुसता विरघळला. पाच मिनिटांत प्लेट साफ! मैत्रीण म्हणाली, चिनीत नुसतं ‘मांस’ म्हटलं की ते डुकराचंच समजतात. ‘घर’ या अक्षरात तर वर छप्पर आणि खाली डुक्कर असतं. तिने पेपर नॅपकिनवर काढूनही दाखवलं.

घरी येऊन नेटवर वाचत बसलो. आपण हाक्का नूडल्स म्हणतो ना, ते हाक्का चिनी लोक कोलकात्याच्या टांगऱ्यात कातडी कमवायचे. इथल्या सवर्णांना चामड्याला हात लावायचा नव्हता, म्हणून ते काम त्यांच्याकडे गेलं. त्यांच्या नावाच्या नूडल्स मात्र आपल्याला चालल्या. डबा सरकवल्याचा आवाज त्या रात्री बऱ्याच वर्षांनी ऐकू आला.

गेल्या आठवड्यात सुट्टी काढून कुर्डुवाडीला आलो. त्याचं आता स्टेशनरोडला वेल्डिंगचं दुकान आहे. चहा मागवला, इकडचं तिकडचं झालं. मग धीर करून सांगितलं, ‘मुंबईत पोर्क खाल्लं.’

‘पोर्क म्हंजे?’

‘डुक्कर.’

त्याने काळा चष्मा कपाळावर सरकवला. ‘कितीला?’

‘साडेचारशे रुपये प्लेट.’

तो इतका हसला की शेजारचा टायरवाला बघायला आला. मग डोळे पुसत म्हणाला, ‘आरं, सातवीत दिवाळीला घरी ये म्हनलो हुतो तुला. फुकट हुतं की!’

बोलावल्याचं मला आठवत नव्हतं. त्याला मात्र आपण काय म्हणालो, मी काय कारण दिलं, सगळं पाठ. (पोट दुखतंय, असं म्हणालो होतो म्हणे.)

‘आता येतो,’ मी म्हणालो.

‘रव्वारी ये. चमचा बी मिळनार न्हाई, सांगून ठिवतो.’

आज रविवार. दुपारी जेवायला नाही, एवढंच आईला सांगितलंय. कुठे चाललास, हे तिने अजून विचारलेलं नाही.