कीर्द, खतावणी आणि रास्पबेरी

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, ही गोष्ट आमच्या घरात सहसा भांडणाखेरीज कोणी काढत नाही. घरात इंजिनिअर दोन, डॉक्टर एक आणि उरलेला मी. बँकेत बावीस वर्षे काउंटरमागे काढलेल्या माणसाला फार तर व्याज मोजता येत असेल, असा एकूण समज. तेव्हा घरात कॉम्प्युटरच्या साठवणुकीचा विषय निघाला, त्या वेळी मला कोणी काही विचारले नाही. मी चहा पीत नुसता ऐकत होतो. ऐकता ऐकता ध्यानात आले, की अहो, हे तर आमचेच दुकान! फक्त बोर्डावर नाव इंग्रजीत रंगवलेय.

विषय आईच्या ओव्यांचा होता. १९८८ साली मावशीच्या लग्नात घाणा भरताना आईने म्हटलेल्या ओव्या मामांनी टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवल्या होत्या. सात कॅसेटी. मध्येच कुकरची शिट्टी होते, कोणाचे तरी पोर रडते आणि "कॅसेट संपत आली हो!" असा अण्णांचा तरुण आवाज येतो. आई २०११ साली गेली. अण्णा आता ब्याऐंशीचे आहेत. रोज दिवेलागणीला ते अर्धा तास या ओव्या ऐकतात. तेवढा वेळ आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, टीव्हीसुद्धा नाही.

कॅसेटी आचके द्यायला लागल्या, तसे पुतण्याने सगळ्या ओव्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, घरातले जुने फोटो त्यात घातले आणि हे सारे सांभाळायला एक रास्पबेरी पाय आणला. नाव खाण्याचे असले तरी हा एटीएम कार्डाएवढा उघडा कॉम्प्युटर आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत तो इंग्लंडमध्ये पहिल्यांदा विक्रीला आला, तोही २९ तारखेला. म्हणजे वाढदिवसाचा खर्च चार वर्षांतून एकदा. आमच्याकडचा त्याच्या चौथ्या पिढीतला. लिनक्सवर चालतो. त्याला सगळे आहे, फक्त स्वतःचे कपाट नाही. नखाएवढे मेमरी कार्ड खुपसावे, तेव्हा तो जागा होतो.

"काका, कार्डावर ओव्या नकोत," पुतण्या म्हणाला. "कार्डावर ठरावीक वेळाच लिहिता येतं. सिस्टिम रात्रंदिवस त्यावर बारीकसारीक नोंदी करते. मग एक दिवस ते मान टाकतं."

म्हणून एक टेराबाइटची हार्ड डिस्क आली. जोडली, तर भरली ९३१.

"बाकीचे कुठे गेले? टीडीएस कापला काय?" मी विचारले.

विकणारा हजाराने मोजतो आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसने मोजतो, असे उत्तर मिळाले. आमच्या गावचा दूधवाला याच तत्त्वावर चालत असे. शिवाय ईएक्सटी-४ नावाची मांडणी केली, तेव्हा तिने पाच टक्के जागा मालकासाठी परस्पर बाजूला काढली. पुतण्याला याचे नवल वाटले. मला नाही. राखीव निधी ठेवल्याशिवाय कारभार चालत नाही, हे आम्हांला बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी शिकवतात.

पुढे तर मौजच झाली. ही ईएक्सटी-४ चक्क जर्नल ठेवते! जर्नल म्हणजे आपली रोजकीर्द. काय बदल करायचा तो आधी कीर्दीत टिपायचा, मग खतावणीत चढवायचा. मध्येच वीज गेली तर उठल्यावर कीर्द बघून अर्धवट काम पुरे करायचे. आणि तपासणीत बेवारस तुकडे सापडले, तर ते टाकायला 'लॉस्ट अँड फाउंड' नावाचा कप्पा. आमच्याकडे याला सस्पेन्स खाते म्हणतात. त्यातल्या काही रकमांपुढे कॅशिअर निवृत्त होतात, रकमा होत नाहीत.

डिस्क नुसती जोडून भागत नाही. तिला 'माउंट' करावी लागते, म्हणजे एखाद्या फोल्डरवर नेऊन बसवावी लागते. बदली होऊन आलेला क्लार्क शाखेत हजर असतो, पण काउंटर नेमून मिळेपर्यंत त्याचा कोणाला उपयोग नसतो, तसे. कोणी कुठे बसायचे ते 'एफएसटॅब' नावाच्या फायलीत लिहितात. एका ओळीला सहा रकाने. आमच्या व्हाउचरची आठवण यावी. पुतण्याने त्यात 'नोफेल' असाही शब्द घातला. अर्थ असा, की डिस्क आली नाही तरी कचेरी खोळंबू नये, दार उघडावे. दुसऱ्या डिस्कवर रोज रात्री दोन वाजता नक्कल काढायची सोय केली. नक्कलही हुबेहूब: मुळात जे नसेल, ते नकलेतूनही पुसायचे. सगळे झाल्यावर तो होस्टेलवर निघून गेला.

दोन महिने बरे गेले. मग एका गुरुवारी वीज तीनदा गेली नि आली. दिवेलागणीला अण्णांनी बटण दाबले, तर ओव्या नाहीत. कुकर नाही, पोर नाही, कोणी नाही. अण्णा काही बोलले नाहीत. चष्मा काढून नुसते बसून राहिले.

मी पुतण्याला फोन लावला. "काका, काही होत नाही, नक्कल आहे ना! आजोबांना सांगा, रविवारी येऊन बघतो."

पण मला राहवेना. त्याने कागदावर लिहून दिलेली आज्ञा टाइप करून मी ओव्यांच्या फोल्डरातल्या फायली मोजल्या. शून्य. आता हा शून्य इंजिनिअर बघेल तर म्हणेल, फोल्डर रिकामा आहे. आम्ही तसे म्हणत नाही. काल बंद करताना शिल्लक १,२१२, आज उघडताना शून्य, आणि मधे खर्चाची एकही नोंद नाही! असल्या वेळी बँकेत काय करतात? पुढचे पोस्टिंग थांबवतात.

मी पुन्हा फोन लावला. "बाळा, रात्री दोनला तुझा नक्कलकार येईल. मूळ रिकामं दिसलं, तर तो नकलेचं काय करील?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळू आवाजात, "काका, आधी ते बंद करा."

रात्री नऊला, तो सांगेल ते अक्षर न् अक्षर टाइप करून मी ते काम थांबवले. डिस्क कट्कट् आवाज करीत होती. विजेच्या झटक्यांनी तिने अंथरूण धरले होते. ती आलीच नाही, पण 'नोफेल'मुळे कचेरी मात्र वेळेवर उघडली, आणि रिकाम्या खुर्चीलाच सगळ्यांनी साहेब समजून सलाम ठोकला. दोन वाजले असते, तर आईचा आवाज नकलेतूनही नियमानुसार पुसला गेला असता. मूळ डिस्क पुढे उठलीच नाही.

रविवारी पुतण्याने नवी डिस्क आणली, डिस्कांना वेगळी वीज देणारा हब बसवला आणि डिस्क जागेवर नसेल तर नक्कल काढूच नये, अशी अट घातली. तिसरी प्रत सांगलीला अक्काकडे पाठवली. दोन्ही प्रती एकाच छपराखाली असणे म्हणजे जामीनदारही घरातलाच घेण्यासारखे आहे. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "काका, तुम्ही कॉमर्सला होता ना?" भांडण नसताना हा विषय घरात प्रथमच निघाला.

साठवणे ही वस्तू नव्हे, रोजचे काम आहे, एवढेच मला त्यातून उमगले. डिस्क सांभाळत नाही, कार्ड सांभाळत नाही. संध्याकाळी उठून मोजणारा माणूस सांभाळतो.

अण्णांच्या हिशेबाच्या लाल वहीत आता दूध आणि पेपरच्या खाली एक ओळ वाढली आहे. ओव्या लावण्याआधी ते चष्मा चढवतात.

"आज किती?"

"एक हजार दोनशे बारा."

"खर्च?"

"काही नाही."

ते आकडा लिहितात, खाली रेघ मारतात.

"मग लाव."