विमान उतरायचे कुठे?

आमचे गाव अंबाजोगाई. बीड जिल्ह्यातले, बालाघाटाच्या पठारावर वसलेले. निजामाच्या राजवटीत त्याला मोमिनाबाद म्हणत. माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला मिरवायला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी पुरेशी आहे. (अंभोऱ्याची मंडळीही मुकुंदराजांवर हक्क सांगतात, पण ऐन दिवाळीत तो वाद नको.) दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी इथलीच, योगेश्वरीचे देऊळही इथलेच. गावात नाही ती एकच गोष्ट : मुंबईहून झटकन पोहोचण्याची सोय.

रात्री मुंबई सोडावी, झोपेत पुणे आणि नगर मागे टाकावे. कडा, आष्टी, जामखेड ही नावे अर्धवट कानांवर पडतात. सौताड्याच्या आसपास उजाडते. पाऊस चांगला झाला असेल तर तिथला धबधबा विंचरणेच्या दरीत कोसळत असतो. मग पाटोदा, मांजरसुंब्याचा चहा, नेकनूर, केज; आणि अंग पुरते आंबले की अंबाजोगाई.

या वाटेवर माझा राग आहे. २०१५ च्या पावसाळ्यात वडील गेले. निरोप संध्याकाळी आला. भाड्याची मोटार करून निघालो, ती भर पावसात वाटेत बंद पडली. घरी पोहोचलो तेव्हा धाकट्या भावाने अग्नी दिलेला होता. कोणी मला बोल लावला नाही. तेच जास्त लागले.

पुढल्याच फेब्रुवारीत, म्हणजे २०१६ साली, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात मी एक विमान पाहिले. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने ते कांदिवलीतल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधले होते! आपल्या गच्चीवर फार तर पापड वाळतात. या गृहस्थाने तिथे सहा आसनांचे विमान उभे केले. पुढे २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली, २०१९ साली चाचणीच्या उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. गच्चीवरून आकाश हातभर वाटते खरे, पण कागदपत्रांच्या वाटेने ते किती लांब असते पाहा!

मी प्रदर्शनातून घरी आलो तो विमानाचा मालक होऊनच. नकाशावर पट्टी ठेवली. मुंबई ते अंबाजोगाई सरळ रेषेत जेमतेम पावणेचारशे किलोमीटर! ताशी दोनशेच्या वेगाने दोन तासही नकोत. मग वाचनाचा सपाटा लावला. अमेरिकेत हौशी विमानबांधणी करणाऱ्यांची संघटना १९५३ पासून आहे. तिथल्या नियमाप्रमाणे घरगुती विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाच्या हातचे असावे लागते. इंग्लंडात राहणाऱ्या अशोक थामरक्षण या केरळी गृहस्थांनी टाळेबंदीच्या काळात चार आसनी विमान जोडले आणि त्यातून बायकामुलींना युरोप दाखवले.

माझ्याही मनातले विमान आधी सहा आसनी होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "मी त्यात बसायची नाही." मुले म्हणाली, "बघू." म्हटले, दोन आसनी पुरे. इंजिन लहान, इंधन कमी, ठेवायला जागाही थोडी. पण लहान विमानाचा हिशेब वाण्याच्या तराजूसारखा काटेकोर असतो. दोन माणसे बसली आणि टाकी भरली की सामानाला वीस-पंचवीस किलो उरतात. शिवाय उन्हाळ्यात हवा विरळ होते, पठारावर आणखी विरळ. मग उडायला धावपट्टी जास्त लांब लागते.

गेल्या दिवाळीत हे सारे आईला समजावून सांगत होतो. ती चुलीपुढे अनारसे तळत होती.

"तुझं ते इमान उतरायचं कुठं?"

"लातूरला. जवळची धावपट्टी तीच."

"आन् तिथनं?"

"एस.टी.नं."

ती हसली नाही. कोपऱ्यातल्या पोत्याकडे पाहत म्हणाली, "मग जवारी कशात नेशील? कुरडया, तुरीची डाळ?"

मी वजनाचा हिशेब सांगितला. ती गप्प झाली. आणि मला एकाएकी आठवले ते मी अनेकदा वाचून सोडून दिले होते : असे लहान विमान डोळ्यांनी वाट पाहत जाते. त्याला उजेड आणि मोकळे आकाश हवे. सह्याद्रीवर पावसाचे ढग उतरले की ते जमिनीवरच बरे. म्हणजे वडील गेले त्या रात्री माझ्या दारात विमान असते, तरी ते जागचे हलले नसते. इतकी वर्षे मी ज्या विमानाने वेळेवर पोहोचत होतो, ते त्या रात्री उडणारच नव्हते.

मी हे तिला बोलून दाखवले. अनारसा झाऱ्यावर निथळत ठेवून ती म्हणाली, "त्यांनी काही तुझी वाट पाहिली नाही, लेकरा. झोपेतच गेले. तू उगंच धावायलास."

नऊ वर्षांत हे मी कधी विचारले नव्हते, म्हणून तिने कधी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा रस्त्यावर ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे भेटली. भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या, तान्ही मुले, सारे ट्रॅक्टरवर लादून आमच्या जिल्ह्यातली माणसे सहा-सहा महिन्यांसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्या आईबापांच्या आजारपणाचा निरोप उसाच्या फडात कसा पोहोचत असेल, आणि ती कशाने परतत असतील?

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली. कितीतरी वर्षे वाट पाहायला लावून आली, पण आली. या दिवाळीला नगरहून बीडपर्यंत तिनेच जाणार आहे. तिथून पुढे एस.टी. आहेच. आईला कळवले आहे : जवारीचे पोते बांधून ठेव. आणि या वेळी चार दिवस जास्त राहणार आहे.