नाक्यावरचा वायरमन

एमसीबी वारंवार पडू लागला की नाक्यावरच्या वायरमनला हाक मारली जाते, आणि बऱ्याचदा तो दहा अँपिअरचा काढून वीसचा बसवतो. पडणं थांबतं; भिंतीतली वायर मात्र तीच, दिव्या-पंख्यापुरती एक चौरस मिलिमीटरची, आता एसीच्या भाराने तापत राहते. एमसीबी हा वायरीचा रखवालदार. त्यालाच झोपवलं तर ती दुरुस्ती कसली! म्हणून स्थानिक माणूस टाळावा असं मात्र मला वाटत नाही. ओल कुठे उतरते, कोणत्या मजल्यावर कुणी जोड मारलाय, हे त्यालाच ठाऊक असतं, आणि अपरात्री तोच येतो. फक्त त्याचा परवाना विचारायला संकोचू नये. परवानाधारक महाग पडतो, हे खरं. पण एसीसाठी जाड वायरीची वेगळी लाइन आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यायचा, तर मोठा खर्च सामानाचाच. मजुरीत घासाघीस करून वाचतं ते किती? ‘सोसायटी बघेल’ हेही पुरेसं नाही. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं खरं, पण ते इमारतीतल्या अग्निशमन यंत्रणेचं. सोफ्यामागच्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे कुणी वाकून बघत नाही.