आत्यांची वही

आमच्या आजोबांना मधुमेह होता. म्हणून घरांत त्या रोगाची भीति नवी नव्हती. माझे वडील व दोघे काका यांची रक्तपरीक्षा दर वर्षीं होई, आणि तिची सारी व्यवस्था आमच्या आत्यांकडे असे. कोणीं कधीं उपाशीपोटीं जावयाचें, कोणाची साखर किती भरली, हें सर्व त्या एका वहींत टिपून ठेवीत. त्या वहींत एकच नांव नव्हतें, तें त्यांचें स्वतःचें. आणि ही गोष्ट घरांतील अकरा माणसांपैकीं एकाच्याहि लक्षांत आली नाहीं.

आत्या अंगानें सडसडीत, गोडाची आवड नाहीं, एकादशी कधीं चुकली नाहीं. "लठ्ठ माणसांचा रोग तो, मला कशाला होतोय?" असें त्या म्हणत, व आम्हांलाहि तें पटे. गेल्या वर्षीं चपलेनें त्यांच्या पायाला फोड आला. तो दुखेना, म्हणून दुर्लक्ष झालें. तीन आठवड्यांनीं बोट काळें पडलें, तेव्हां डॉक्टरांकडे नेलें. फोड दुखला नव्हता, कारण पायाची संवेदनाच गेली होती! साखर कित्येक वर्षें वाढलेली असली पाहिजे, असें डॉक्टर म्हणाले. पायाची करंगळी काढावी लागली.

सडपातळ माणूस निर्धास्त, ही समजूत किती फसवी आहे तें आम्हांला मागाहून कळलें. पुण्याचेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत स्वतःचींच छायाचित्रें छापलीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. परंतु अंगांतील चरबी त्या इंग्रज गृहस्थांची सुमारें ९ टक्के, तर याज्ञिकांची २१! त्यांत आईबापांना मधुमेह असला म्हणजे धोका अधिकच.

पुढच्याच आठवड्यांत तिशी ओलांडलेलीं आम्ही सर्व माणसें उपाशीपोटीं रक्त देऊन आलों. दर डेसिलिटरला मिलिग्रॅमच्या मापानें साखर १०० च्या आंत असावी; १२६ किंवा अधिक भरली व फेरतपासणींतहि तसेंच आढळलें तर मधुमेह; मधली जागा उंबरठ्याची. माझी ११२ भरली. तहान, थकवा, कांहीं एक लक्षण नसतांना! मात्र उंबरठ्यावरून मागें फिरतां येतें, असा धीर डॉक्टरांनीं दिला. रोज भरभर चालणें, ताटांतील भात कमी करून भाजी-उसळ वाढविणें, वाढलेलें वजन थोडें उतरविणें, एवढ्यानें पुष्कळांचा रोग टळतो, निदान लांबतो. सहा महिन्यांनीं माझी साखर १०१ वर आली.

आपल्या घरींहि सर्वांचीं औषधें व कागद सांभाळणारें कोणीतरी असेलच. त्या माणसाचें रक्त शेवटचें केव्हां तपासलें, एवढें आज विचारून पाहावें.

आमच्या घरची वही अजूनहि आत्याच लिहितात. पहिल्या पानावर आतां त्यांचें नांव आहे. तेवढें मात्र माझ्या वडिलांनीं स्वतःच्या हातानें लिहिलें आहे.