निरोपाचे नृत्य

मराठीत ‘निरोप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. दूरच्या माणसाला कोणाकरवी कळवायचे तो एक निरोप, आणि निघताना मागे राहणाऱ्यांचा घ्यायचा तो दुसरा. गुजरात शासनाच्या नोकरीत आमच्या बदल्या पुष्कळ झाल्या. प्रत्येक वेळी शाल-श्रीफळ मिळे, दोन भाषणे होत आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधले जाई. हे दोन अर्थ एकाच शब्दात का नांदतात, हे मात्र आम्हांस उमगले ते निवृत्तीनंतर, एका जहाजामुळे.

अमेरिकेत ‘सेमिस्टर ॲट सी’ नावाचा उपक्रम आहे. महाविद्यालयाचे एक सबंध सत्र विद्यार्थी जहाजावर काढतात. समुद्रात असताना तास भरतात; जहाज बंदराला लागले की तास बंद आणि देशदर्शन सुरू. कल्पना जुनीच आहे. १९२६ साली ‘रिंडॅम’ या जहाजातून सुमारे ५०० विद्यार्थी अशाच विद्याप्रवासाला निघाले होते. आजच्या उपक्रमाचा आरंभ १९६३ चा. २०१५ पासून त्यासाठी ‘वर्ल्ड ओडिसी’ हे जहाज आले. १९९८ साली जर्मनीत बांधलेले हे मूळचे विलासी प्रवासी जहाज. त्यामुळे त्यात झुंबरांचे एक नृत्यदालन आहे, आणि व्याख्याने होतात ती त्याच दालनात.

२०१९ च्या आरंभी आमची पुतणी या जहाजावर होती. जपान, चीन, व्हिएतनाम, म्यानमार करीत जहाज कोचीला येणार असे कळले, तेव्हा आम्ही उभयता बडोद्याहून रेल्वेने निघालो. बरोबर आईचा डाळिंबी शालू होता. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा आमचे धाकटे बंधू अमेरिकेहून वेळेवर पोहोचू शकले नव्हते. जाण्याआधी आईने एवढेच सांगून ठेवले होते : “शालू त्याच्या मुलीला पोहोचवा.” बंदराच्या फाटकाबाहेर आम्ही तो तिच्या हाती दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. काही वेळ कोणीच बोलले नाही. मग म्हणाली, “काका, आमच्याकडे शेवटी बॉल असतो. तेव्हा नेसेन.”

आमच्या सौभाग्यवतींच्या मनात धस्स झाले. शालू नेसून नाचायचे, तेही डुलणाऱ्या जहाजावर!

प्रवासाच्या अखेरच्या दिवसांतल्या या रात्रीला ‘ॲलम्नाय बॉल’ म्हणतात, म्हणजे माजी विद्यार्थ्यांचे नृत्य. जहाजावरून उतरण्याआधीच मुलांना ‘माजी’ ठरविणारे हे नाव आम्हांस प्रथम निष्ठुर वाटले. पुढे पुतणीने फोनवर सारे वर्णन केले. तीन महिने रबरी चपला ओढत तासाला येणारी मुले त्या रात्री व्हिएतनामला शिवून घेतलेल्या सुटांत आली. जेवणाच्या टेबलांवर पांढरी वस्त्रे होती. प्राध्यापकही सजून आले होते. खोलीतल्या अमेरिकन मैत्रिणीने अठरा पिना लावून हिला शालू नेसविला. एरवी भेटताच मिठी मारणारी मुले त्या रात्री एकमेकांना अदबीने विचारत होती : माझ्यासोबत नाचणार का?

हे ऐकताना त्या नावातली निष्ठुरता मावळली. आमचा गरबा दरवर्षी त्याच चौकात, बहुधा त्याच माणसांत पुन्हा रंगतो. जहाजावरची ही वस्ती मात्र उतरताक्षणी कायमची मोडते. नंतर भेटावयास जावे असे तिचे गाव नाही. जहाज नव्या मुलांना घेऊन निघून जाते. अशा ठिकाणी रीतसर पोशाख आणि रीतसर विचारणा नसती, तर जो तो मुकाट्याने आपापली बॅग भरीत बसला असता. रीत असली की जे तोंडाने निघत नाही ते सांगायला वाट मिळते.

पुढच्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये, करोनामुळे त्या सत्राच्या मुलांना मुदतीआधीच केपटाऊनला उतरावे लागले. त्याच काळात आपल्याकडे किती घरांतली माणसे चार जणांच्या खांद्याविना गेली, हे वाचकांना आम्ही काय सांगावे!

आपली घराणी कोकणातून, देशावरून कधीकाळी निघाली आणि बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे स्थिरावली. निघताना कोण काय बोलले, त्याची नोंद कोठे नाही. पेटीतून आले ते देवांचे टाक, तांब्याची भांडी, एखादे जरीचे वस्त्र. पोहोचलेले निरोप ते हेच, असे आता आम्हांस वाटते.

नृत्याच्या त्या रात्रीचे छायाचित्र पुतणीने प्रथम आपल्या वडिलांना पाठविले. बंधूंनी आम्हांस फोन केला आणि बराच वेळ आईविषयी बोलत राहिले. आई गेल्यानंतर असे ते प्रथमच बोलत होते.

शालू सध्या पुतणीकडे आहे. नाचताना पदराजवळ जर दोन बोटे उसवली होती; तेथे तिने स्वतःच्या हाताने टाके घातले आहेत. सौभाग्यवतींनी टाके पाहिले आणि ते बरे जमले आहेत असे म्हटले.